पुरेशा बळाचे काडतूस

कुरखेड्याच्या सती नदीकाठच्या बांध्यांत आश्विनाच्या सुमारास भारी धान निसवू लागला, लोंबीत दूध भरू लागले, की रानातून डुकरांचा कळप धुरा ओलांडून खाली उतरतो, आणि एका रात्रीत जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट तुडवून, लोळून आणि मुसकटाने उकरून टाकतो. चार महिने चिखलात वाकून ज्याने रोवणी केली, निंदण केले, पाण्याच्या पाळीसाठी शेजाऱ्याशी भांडण केले, त्या शेतकऱ्याला सकाळी आपली बांधी पाहताना तेथे रात्रभर बैलांचा बाजार भरला होता की काय असे वाटते. पुढे नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, सातबाराचा उतारा आणि तहसिलीच्या गावी दोन-तीन खेपा हे सारे यथाक्रम घडते. परंतु भरपाई हा आजचा माझा विषय नव्हे. ज्या डुकराला मारण्याची परवानगी कायद्याने रीतसर दिलेली आहे, ते कशाने मारावे, कोणत्या नळीतून आणि किती बळाच्या गोळीने मारावे, हा दिसण्यात तांत्रिक परंतु माझ्या मते सर्वस्वी नीतीचा असलेला प्रश्न मला येथे मांडावयाचा आहे. आमच्या जिल्ह्यात याविषयी मोकळेपणाने कोणी बोलत नाही, आणि त्या अबोल्यापायी जनावरे हालहाल होऊन मरतात व कधी कधी माणसेही मरतात.

१९७० च्या सुमाराची एक गोष्ट सांगतो. गडचिरोली जिल्हा व्हावयास अजून बारा वर्षे अवकाश होता, आम्ही सारे चंद्रपूर जिल्ह्याचे रहिवासी होतो, आणि माझ्या मामांच्या घरी माजघराच्या खुंटीला आजोबांच्या वेळच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, तीवर काथ्या ठासावयाचा, मग शिशाचे तुकडे, पुन्हा काथ्या, आणि शेवटी मागच्या बोंडीवर टोपी बसवून घोडा ओढावयाचा. इतके सव्यापसव्य झाल्यावर एक बार निघे, आणि दवाने दारू ओलावली असेल तर तोही निघत नसे. एका रात्री मी मामांबरोबर बांधीतल्या माळ्यावर होतो. पंचवीसेक पावलांवर एक डुक्कर येऊन चरू लागले. लोंब्या दातांखाली ओरबाडल्या जाण्याचा तो ओलसर, सावकाश आवाज अजून माझ्या कानांत आहे. मामांनी बार काढला. धुराच्या लोटात काही दिसेना; डुक्कर एकदा किंचाळले आणि काळोखात नाहीसे झाले. सकाळी रक्ताचा माग नाल्यापर्यंत गेला आणि पाण्यात हरवला. तिसऱ्या दिवशी गुराख्याने हाक दिली, तेव्हा वेळूच्या बेटात आम्हाला ते सापडले. ते जिवंत होते. खालचा जबडा फुटून लोंबत होता, जखमेत किडे वळवळत होते, आणि आम्हाला पाहून ते पुढच्या पायांवर उठण्याचा प्रयत्न करीत होते. मामांनी कुऱ्हाडीने त्याचा शेवट केला, नाल्यात हात धुतले आणि तेथेच कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मामा हळव्या मनाचे गृहस्थ नव्हते. आपल्या हातून एक जीव तीन दिवस कुजत ठेवला गेला एवढेच त्यांना कळले होते, आणि ते त्यांना सोसवत नव्हते.

त्यानंतर दोनच वर्षांनी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आला. आरंभी त्यातही परवान्याने शिकार करण्यास वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो दरवाजा बंद झाला आणि ते योग्यच झाले. त्यापूर्वी जमीनदारीच्या काळापासून गेवर्धा, पळसगड या मुलखांत चितळ-सांबरांच्या शिकारीची जी सर्रास प्रथा होती, तिच्याविषयी हळहळ वाटून घेण्याचे मला कारण दिसत नाही. चितळासाठी कोणते काडतूस चांगले, ही चर्चा आज आपल्याकडे केवळ इतिहासाची चर्चा आहे. रानडुकराचे मात्र तसे नाही. याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उभ्या पिकास घातक झालेले जनावर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. आणि महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ च्या निर्णयाने रोही (नीलगाय) व रानडुक्कर या दोन प्राण्यांपुरती ही परवानगी वनपरिक्षेत्राच्या पातळीवर सुलभ केली. पुढील वर्षी याच विषयावरून केंद्रातील दोन मंत्री, श्रीमती मेनका गांधी व श्री. प्रकाश जावडेकर, यांच्यात जाहीर वाद झाला आणि त्यात चंद्रपूरच्या डुकरांचाही उल्लेख आला. त्या वादात मारावे की मारू नये याचाच खल झाला. मारावयाचेच ठरल्यावर कसे मारावे, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी वाऱ्यावर सोडला.

कायद्याने या प्रश्नाला एक उत्तर मात्र पूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि माझी तक्रार त्या उत्तराविरुद्ध आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाच्या प्रामाणिक गरजेसाठी शेतकऱ्याला ठासणीची बंदूक देण्याची तजवीज आहे. ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आटे पाडलेल्या नळीची, म्हणजे रायफलीची, येथे गणती नाही. १९५९ साली संसदेपुढे कोणते प्रश्न होते याची मला कल्पना आहे. रायफल लांब मारते, अचूक मारते, म्हणून ती अधिक भयंकर आणि सबब दुर्मिळ असावी, हा विचार राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. परंतु माळ्यावर बसून डुकराकडे पाहिले म्हणजे हेच सूत्र उलटे होते. बारा बोअरच्या बंदुकीत मोठ्या शिकारीसाठी जे एलजी काडतूस घालतात त्यात सहा ते आठ टपोरे छर्रे असतात. वीस पावलांवर ते एकत्र बसतात, चाळीस पावलांवर पांगतात. पोक्त नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेची एक ढालच असते, आणि नरांच्या परस्परांतील झुंजींत सुळे अडवण्यासाठीच निसर्गाने ती दिलेली आहे. छर्रे त्या ढालीत रुततात, पोटात जातात, जबडा फोडतात. जनावर पळते, आणि मामांच्या डुकराची गोष्ट पुन्हा घडते.

आता रायफलीकडे वळू. भारतात सामान्य नागरिकाला रीतसर परवान्याने मिळू शकणारी सर्वांत परिचित रायफल म्हणजे ०.३१५ ची. इंग्रज सरकारला भीती अशी होती, की फौजेच्या बंदुकांत चालणारी काडतुसे लोकांकडे असली तर ती उद्या बंडखोरांकडे जातील, म्हणून .३०३ सारखी लष्करी मापे नागरिकांना निषिद्ध झाली, आणि कारखानदारांना फौजेत नसलेले एखादे माप शोधणे भाग पडले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील जुन्या मानलिखेर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस यासाठी उपयोगी पडले, आणि त्यावरून झालेले ०.३१५ हे माप स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात या मापाची रायफल होत आली आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात काडतूस. सुमारे १६ ग्रॅम वजनाची, म्हणजे २४४ ग्रेनची, मऊ शिशाच्या तोंडाची ही गोळी सेकंदाला जेमतेम दोन हजार फूट वेगाने नळीबाहेर पडते. आजच्या जगातील शौकीन शिकाऱ्यांना ही गती हास्यास्पद वाटेल. .३०-०६ हे १९०६ सालचे अमेरिकी काडतूस १८० ग्रेनची गोळी सत्तावीसशे फुटांनी फेकते, आणि १९१२ चे .३७५ तर ०.३१५ च्या जवळजवळ दुप्पट आघात करते.

परंतु कुरखेड्याच्या बांधीत त्या बळाचे काय करावयाचे? येथे नेम धरावयाचा तो तीस ते पन्नास पावलांवर, फार तर साठ. तीनशे वाव दूर, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर उभ्या असलेल्या जनावरासाठी जो वेग लागतो, तो येथे डुकराच्या अंगातून आरपार निघून पुढच्या धुऱ्यावर, आणि तेथून उसळून पुढच्या माळ्यावर जाईल, जेथे दुसऱ्या घरचा मुलगा घोंगडी पांघरून बसलेला आहे. रायफलीची गोळी मोकळ्या मैदानात तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती ती कधीच देऊ नये. शिवाय अतिबळाच्या काडतुसाचा धक्का मोठा असतो. वर्षाकाठी चार-दोन बार उडवणारा माणूस त्या धक्क्याची धास्ती घेतो, चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो आणि खांदा आवळतो, व त्याची गोळी वीतभर इकडेतिकडे जाते. जनावराच्या यातना त्या वीतभर चुकीत आहेत. जखम कोठे होते यावर मरण त्वरित येणार की सावकाश हे ठरते. आणि जखम कोठे होईल हे मारणारा किती स्वस्थ आहे यावर ठरते. मध्यम बळाचे काडतूस माणसाला स्वस्थ राहू देते, सरावाला परवडते, आणि तरीही डुकराच्या छातीपर्यंत निश्चित पोचते, एवढ्यासाठी मी त्याचा पक्ष घेतो.

हा काही माझा शोध नव्हे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या निवारणाबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ साली जी रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली, ती मूळ माउझरच्या सात मिलिमीटर काडतुसाची, आजच्या हिशेबाने अगदी सौम्य. रुद्रप्रयागचा बिबट्या मे १९२६ मध्ये एका आंब्याच्या झाडावर बसून रात्रीच्या अंधारात त्यांनी मारला, तो याच मापाच्या रायफलीने. आफ्रिकेत वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने याच लहान मापाने शेकडो हत्ती लोळवले. मात्र बेलचे उदाहरण मी सावधपणे देतो; हत्तीच्या कवटीतील मेंदूची जागा करवतीने कवट्या कापून अभ्यासणाऱ्या माणसाचा हात सर्वांना नसतो, आणि लहान मापाने मोठे जनावर मारता येते एवढाच धडा त्याच्यापासून घेतला तर अनर्थ ओढवेल. .२२ च्या चिमुकल्या गोळीने चितळ मारणारे चोरटे शिकारी हाच अनर्थ करीत आले आहेत. जर्मनीत रानडुकरासाठी कमीत कमी साडेसहा मिलिमीटरची आणि शंभर मीटरवर दोन हजार ज्यूलचा आघात करणारी गोळी कायद्याने लागते, इंग्लंडमध्ये हरणासाठी .२४० इंचाचे माप आणि नळीच्या तोंडाशी सतराशे फूट-पौंडांची मर्यादा आहे. आमची जुनी, संथ ०.३१५ या दोन्ही कसोट्यांना उतरते. त्या देशांनी जनावराच्या वेदनेचा विचार करून गोळीचे किमान बळ ठरवले. आमच्या कलम १३ मध्ये नळी किती इंच असावी याचा उल्लेख आहे, गोळीने जनावराचे काय होते याचा नाही.

एका गोष्टीचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होणार नाही. बंदूक नाही, परवानगीला वेळ लागतो, आणि धान तर आज रात्री जाणार आहे, अशा कात्रीत सापडलेला माणूस खांबावरच्या विजेच्या तारेवर आकडा टाकतो आणि बांधीभोवती उघडी तार ओढतो. आमच्याकडे याला करंट लावणे म्हणतात, आणि हा शब्द आता पेरणी-रोवणीइतक्या सहजपणे उच्चारला जातो. या तारेला डुक्कर, वाघ, शेजाऱ्याची म्हैस आणि पहाटे मोहफुलांना निघालेली बाई यांतला भेद कळत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत वाघ या तारांनी मेले आहेत, माणसेही मेली आहेत, आणि मग प्रेत लपवण्यासाठी खड्डे खणले गेले आहेत. कोणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतो; ते दाताखाली फुटून जबडा उडालेले जनावर कित्येक दिवस जिवंत राहते. रायफलीला विरोध करणाऱ्या सज्जनांना माझी विनंती आहे, की रायफलीची तुलना त्यांनी अहिंसेशी न करता या तारेशी करावी.

आता गडचिरोलीत रायफल म्हटले की अंगावर काटा येतो, आणि तो यावा असाच आमचा अलीकडचा इतिहास आहे. कुरखेडा तालुक्यातच, जांभुळखेड्याजवळ, १ मे २०१९ रोजी नक्षल्यांच्या सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. महाराष्ट्र दिनाची ती दुपार या तालुक्यात कोणी विसरलेले नाही. गावोगावच्या भरमार बंदुका नक्षल्यांच्या कामी येतात म्हणून लोकांनी त्या स्वखुशीने पोलिसांच्या स्वाधीन कराव्या अशी मोहीम गेली काही वर्षे चालू आहे, आणि लोकांनी त्या केल्याही आहेत. तेव्हा घरोघर रायफली वाटाव्या असे मी सुचवीत नाही; कोणी सुचवले तर मी त्यास विरोध करीन. माझी सूचना निराळी आहे. पुराडा, मालेवाडा, कुरखेडा अशा प्रत्येक वनपरिक्षेत्रासाठी ०.३१५ च्या दोन रायफली सरकारी मालकीच्या असाव्या. त्या पोलीस ठाण्याच्या कोठीत राहाव्या. निवृत्त वनरक्षक, निवृत्त पोलीस शिपाई आणि ग्रामसभेने निवडलेली, नेमाच्या परीक्षेत उतरलेली चार-सहा माणसे यांनाच त्या नोंद करून, मोजून दिलेल्या काडतुसांसह एका रात्रीपुरत्या मिळाव्या. आणि सकाळी रिकामी पितळी टोपणे मोजून घेतल्याशिवाय नोंद पुरी होऊ नये. केरळ सरकारने २०२२ मध्ये रानडुकरांच्या बाबतीत पंचायतीच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले, परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या, आणि विष, स्फोटके व वीज यांना सक्त मनाई केली. आमच्या शेजारच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून स्वतःच्या रानाचा हिशेब ठेवून दाखवला आहे. ज्या लोकांना बांबूच्या प्रत्येक बंडलाचा हिशेब ठेवता येतो, त्यांना पाच काडतुसांचा ठेवता येणार नाही असे मानण्यास आधार काय?

वनप्रेमी मित्रांची एक शंका खरी आहे आणि ती मी मान्य करतो. रानडुक्कर हे वाघाचे अन्न आहे. ते रानातून संपले तर वाघ गोठ्यापर्यंत येईल, आणि वडसा-आरमोरीकडे वाघाने माणसांवर केलेले हल्ले आम्ही पाहिले आहेत. म्हणून मारावयाचे ते बांधीत उतरलेले डुक्करच. रानात शिरून नव्हे, कुत्री सोडून नव्हे, आणि मागे पिले असलेली मादी तर कदापि नव्हे. २०२१ च्या अखेरीस ओडिशा-छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप या भागात फिरू लागल्यापासून रात्री माळ्यावरून अंधारात हालणाऱ्या आकृतीवर बार काढणे हा तर गुन्हाच समजला पाहिजे. विजेरीच्या उजेडात जनावर पूर्ण दिसल्याखेरीज चापावर बोट जाता कामा नये. मारलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता होते, त्यामुळे मांसाचा लोभ या कामात मुळीच शिरत नाही, हेही बरेच आहे. मात्र ते खोल पुरावे, उघड्यावर टाकू नये. कारण शिशाचे कण पोटात गेलेल्या गिधाडांना विषबाधा होते, आणि गडचिरोलीत जी थोडी गिधाडे उरली आहेत ती जपण्यासाठी लोकांनी कष्ट घेतले आहेत. संथ, जड गोळी वेगवान गोळीइतकी अंगात फुटून विखुरत नाही, हा मध्यम काडतुसाचा आणखी एक गुण. लहानसा, पण नोंदवण्याजोगा.

गेल्या कार्तिकात एका निवृत्त वनरक्षकाजवळ मी माळ्यावर बसलो होतो. परवानगी रीतसर होती, रायफल त्यांची स्वतःची, ०.३१५ ची, दस्त्याचे रोगण ठिकठिकाणी उडालेली. माळा त्यांनी मुद्दाम उंच बांधला होता, जेणेकरून गोळी वरून खाली जाईल आणि चिखलातच गडप होईल. डुकराचे हृदय लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ खाली असते, असे त्यांनी मला आधीच समजावले होते. पाठीवरचे केस उभे राहिले की अंग मोठे दिसते, नवखा माणूस मधोमध नेम धरतो, आणि गोळी कण्याच्या वरून मांसातून निघून जाते. नेम धरावा तो पुढच्या पायाच्या कोपरामागे, खालच्या तिसऱ्या हिश्शात, आणि तोही जनावर आडवे उभे राहील तेव्हाच. दोन डुकरे आली. पहिले सव्वा तास तोंड आमच्याकडे करून चरत होते, आणि वनरक्षक तेवढा वेळ रायफल मांडीवर ठेवून बसून राहिले. धान जात होता, मला ते सहन होईना, पण ते हलले नाहीत. मग दुसरे आडवे वळले. विजेरी लागली, माशी स्थिर झाली, आणि एकच बार झाला, फार मोठा नव्हे. डुक्कर चार पावले चालले, गुडघ्यांवर आले आणि एका अंगावर कलंडले. वनरक्षक खाली उतरले, लांबूनच काठीने त्याच्या डोळ्याला स्पर्श करून पाहिला, नळीतले टोपण काढून खिशात टाकले आणि मला म्हणाले, "नाल्याकडे जावं लागत नाही आज, भाऊ."